पेट्यांची वही

११ जानेवारी
थंडी कडक. दहापर्यंत एकही पेटी उघडली नाही, पिलाव्याला गारठा लागतो. उन्हं आली तशी दारातली ये-जा वाढली. काटेसावर फुलली आहे. पायांवर परागाचे गोळे घेऊन माशा उतरतायत. पराग येतोय म्हणजे आत राणी अंडी घालतेय. पेटी न उघडता एवढं कळतं.

१४ जानेवारी
संक्रांत. पेट्यांच्या चौपायांखालच्या वाट्यांत पाणी भरलं. मुंगळे चढायला लागले होते.

१९ जानेवारी
फलटणकडच्या कांदा-बियाणेवाल्यांचा फोन. महिनाभरात गोंडे फुलतील, पेट्या हव्यात. गेल्या साली शेजारच्या रानात पेट्या होत्या, तिथं बी भरलं. यांच्याकडं निम्मं फोल. भाडं चांगलं देतायत.

अटी सांगितल्या. थोडे गोंडे फुलल्यावरच पेट्या न्यायच्या. आधी नेल्या तर माशा आसपासच्या दुसऱ्या फुलांना लागतात आणि कांद्याकडं वळत नाहीत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, मुळात त्यांना तो फारसा आवडत नाही. दुसरी अट फवारणीची.

"ताई, फुलकिडे आले तर काय करू?"
"फुलोऱ्याआधी करा. फुलं असताना नको. अगदीच वेळ आली तर आदल्या दिवशी फोन करा, मी पेट्या हलवते. आणि फवाराल ते संध्याकाळी, माशा घरी आल्यावर."
विचार करून कळवतो म्हणाले.

२१ जानेवारी
कळवलं. अटी मान्य. पेट्या फेब्रुवारीच्या मध्याला न्यायच्या.
यंदा पावसाआधी घरावरचे पत्रे बदलता येतील. ह्यांना सांगितलं तर लगेच मोजमाप घ्यायला शिडी लावली.

२८ जानेवारी
वरच्या रस्त्यावरचे हॉटेलवाले आले होते. बागेत दोन पेट्या हव्यात, पर्यटकांना दाखवायला. जागा बघायला गेले. पेट्या जेवायच्या टेबलांपासून दहा पावलांवर, मागं पोरांचा झोपाळा, पाणी म्हणजे नुसतं पोहण्याच्या तलावाचं. नाही म्हटलं. वाईट वाटलं त्यांना. सातेरी गरीब माशी हे खरं, पण पेटीच्या दारासमोरून दिवसभर माणसं जायला लागली की तीही चिडते. मग दोष माशीला.

३ फेब्रुवारी
तपासणी.
१: चांगली. २: फार चांगली, नरांची घरं दिसतायत. ३: मध कमी, माशा भरपूर. ६ आणि ७ ठीक.

४: दारातून येणं-जाणं नेहमीचं. चौकट उचलली आणि पिलावा विस्कटलेला दिसला. बंद घरं, मध्येच उघडी, मध्येच भोक पडलेली झाकणं. भोकं माशांनीच पाडलेली. आत काही बिघडलंय हे त्यांना आधी कळलेलं. चिमट्यानं एक अळी उचलली. अळी घरात आडवी ताणलेली, डोकं वर, टोकाकडं वळलेलं, होडीसारखी. रंग पांढरा उरलेला नाही, पिवळट. चिमट्यानं ओढल्यावर कातडी अख्खी निघून आली. आत पाणी. थेंब चिमट्यावर लोंबत राहिला. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरी वाळून तपकिरी खपली झालेली, ती सहज सुटली.
वास घेतला. आंबूस नाही. अळ्या वेटोळ्यातच मेलेल्या असत्या, वास असता, तर फाउलब्रूड म्हटलं असतं.

चौकट परत ठेवली. ५ उघडली नाही. हात साबणानं धुतले, चिमटा आणि पटाशी चुलीत लाल करून घेतली.

४ फेब्रुवारी
धुतलेले हात, नवी पटाशी, मग ५. तीन-चार घरं तशी.

४ फेब्रुवारी, रात्री
थायसॅक. नाव लिहायला दिवस लागला.

५ फेब्रुवारी
महाबळेश्वरला मध संचालनालयात फोन केला. प्रशिक्षण घेतलं तेव्हाचे फोटो होते, ते आणि आजचे शेजारी ठेवून पाठवले. बघितल्यावर त्यांचंही मत तेच. विषाणू आहे, औषध नाही. आजारी पोळी काढायची, राणीची अंडी थांबवायची, जमलं तर राणी बदलायची. निरोगी पेटीतली चौकट आजारी पेटीत जाऊ द्यायची नाही आणि उलटही नाही.

मधासाठी म्हणून विचारलं. माणसाला या विषाणूचा त्रास नाही. माशांना आहे. ४ आणि ५ चा मध मी यंत्रात घालणार नाही. तेच यंत्र पुढं बाकीच्यांना लागतं.

६ फेब्रुवारी
अण्णांकडं गेले. त्यांच्या पेट्या ओढ्यापलीकडं. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे आमच्या माशा एकाच जांभळीवर बसतात. सांगणं भाग होतं.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत आला होय." १९९१-९२ला हा रोग दक्षिणेत पसरला, केरळ-कर्नाटक-तमिळनाडूत सातेरीच्या ९० टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. ती लाट पुढं इकडंही चढत आली. अण्णांच्या पेट्या त्यात रिकाम्या झाल्या. "पेटी उघडायची आणि आत पोळी तेवढी. माश्या सोडून गेलेल्या. मग तीन वर्षं मी पेटीच ठेवली नाही." डोंगरातली जी मोहोळं तगली त्यांतूनच पुन्हा माशा मिळाल्या.
उद्या दोघांनी मिळून त्यांच्या पेट्या बघायच्या. मी माझी पटाशी नेणार नाही.

७ फेब्रुवारी
अण्णांच्या सगळ्या स्वच्छ. जीव भांड्यात पडला.

८ फेब्रुवारी
४ ची राणी शोधायला सकाळ गेली. सापडली, पिंजऱ्यात घातली. ५ चीही. अंडी थांबली की नवीन पिलावा नाही, विषाणूला नवी अळी नाही. मधल्या काळात माशा घरं साफ करतात. त्यांच्यावर सोडायचं.

४ मधली तीन पोळी कापून काढली. खड्डा संध्याकाळीच खणला होता. अंधार पडल्यावर पेटवली. दिवसा बाहेर राहिली असती तर सगळ्या माशा मध लुटायला आल्या असत्या आणि रोग घरोघर नेला असता. मेणाचा जाळ मोठा होतो. ह्यांनी काठीनं एकेक तुकडा आत ढकलला. आम्ही दोघं शेवटपर्यंत उभे.

९ फेब्रुवारी
पाक दिला, साखर आणि पाणी सारखं, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाजारातला मध मी कधी पाजत नाही. कुठल्या पेटीतला आहे, त्यात काय आलंय, कोणाला ठाऊक.

१० फेब्रुवारी
तालुक्याच्या बाजारात एका औषधवाल्यानं सल्ला दिला: पाकातून टेट्रासायक्लिन द्या, सगळे देतात.
विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. माशीला फायदा शून्य आणि मधात त्याचा अंश राहतो, प्रयोगशाळेत सापडतो. अन्नसुरक्षेचे नियम याबाबतीत कडक आहेत. कडक असलेच पाहिजेत. तो मध कोणाचं तरी पोर खाणार.

११ फेब्रुवारी
फलटणला फोन. पेट्या येणार नाहीत म्हटलं.

"सगळ्या आजारी आहेत का?"
"नाही. दोन."
"मग बाकीच्या पाठवा की, ताई. आमचे गोंडे उमलायला लागलेत."

बाकीच्या आज निरोगी दिसतात. तिकडं रानात आजूबाजूला इतरांच्याही पेट्या येणार, बांधावरच्या झाडांत सातेरीची मोहोळं आहेत. पंधरा दिवसांनी यांतल्या एखादीत रोग निघाला तर मी तो तिथं सोडून येईन. हे त्यांना समजावलं. त्यांना कळलं असावं, तरी आवाज उतरला. दुसऱ्या एका मधपाळाचा नंबर दिला.
फोन ठेवल्यावर ह्यांनी पत्र्याचं विचारलं नाही. मीही काढलं नाही.

१६ फेब्रुवारी
पांगारा फुललाय. लालभडक. ४ च्या माशा कमी, पण बाहेर पडतायत.

१९ फेब्रुवारी
२ मध्ये राणीघरं बांधली आहेत, पोळ्याच्या खालच्या काठाला लोंबणारी. वसाहत फुटायच्या तयारीत. दर वर्षी २ सगळ्यांत शांत, पिलावा सलग, एकही भोक नाही. तिच्या शेजारी रोग असून तिच्यात नाही. हिचीच राणी ४ ला द्यायची.

२२ फेब्रुवारी
राणीघर बंद झालंय. चाकूनं त्याच्या वरचा पोळ्याचा तुकडा ठेवून कापून घेतलं. उलटं करायचं नाही, हलवायचं नाही. ४ ची जुनी राणी आधीच काढली. ते काम मला करवत नाही, पण केलं. राणीघर मधल्या चौकटीला चिकटवलं.

२ फुटू नये म्हणून तिची जुनी राणी चार चौकटींसह नव्या पेटीत, क्रमांक ८. मागं एकच राणीघर ठेवलं.

२३ फेब्रुवारी
खालच्या खोऱ्यात ट्रक आलाय. मेलीफेरा या परदेशी माशीच्या पेट्या, शंभराच्या वर. लांबून आलेला पोरगा तंबू ठोकून राहिलाय. भेटायला गेले. चहा केला त्यानं. माशांची काळजी घेणारा आहे, पेट्यांची दारं नीट, पाण्यासाठी घमेली, त्यांत माशा बुडू नयेत म्हणून काड्या.
त्यानं त्याचा रोग सांगितला, मी माझा. व्हॅरोआ मुळात सातेरीच्या जातीवरचा किडा. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकते, तिच्यात तो नरांच्या पिलाव्यातच वाढतो, म्हणून निभतं. मेलीफेराला ते जमत नाही. १९६२नंतर ती माशी हिमाचल-पंजाबात रुजली, पुढं हा किडा तिच्याही मागं लागला. त्यानं औषधाच्या पट्ट्या दाखवल्या. मध काढायच्या किती आधी काढतोस विचारलं, बरोबर सांगितलं.
काही लोक या ट्रकवाल्यांवर डूख धरतात. मला ते पटत नाही. अंतर राखलं, बोलणं राहिलं, तर दोघांचं चालतं. नोंद मात्र हवी.

२४ फेब्रुवारी
मुलीनं मधुक्रांती पोर्टलवर माझी नोंदणी करून दिली. आधार, पत्ता, वसाहतींची संख्या, जागा. २०२१ला हे सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, अनुदानाचं काहीतरी. आता बघते तर नकाशावर कोण कुठं हे कळण्याची गरज अण्णांना आणि मला सर्वांत जास्त आहे. कोंबड्यांना रोग आला की गावाला कळतं. माशांचा कोणाला कळत नाही.

२८ फेब्रुवारी
ऊन वाढलं. ४ ला उघडून बघायचा मोह झाला. नाही उघडली. कुमारी राणीला धक्का नको.

३ मार्च
नवी राणी निघाली आहे! राणीघराचं टोक गोल कापलेलं, झाकण लटकतंय. राणी दिसली नाही. एवढं पुरे.

६ मार्च
दुपारी वेडे राघू तारांवर, माशा टिपायला. राणी उडायला निघेल याच दिवसांत. बांबूला फडकं बांधून तिथं उभी राहिले. ह्यांनी एक तास माझ्या जागी काढला.

१२ मार्च
४ मध्ये अंडी. घराच्या तळाशी एकेक, उभी. एका घरात एकच. नीट राणी आहे.
खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

१३ मार्च
५ ची राणी पिंजऱ्यातून सोडली. तिचीच राणी आहे, बदललेली नाही. दुसरं राणीघर उरलं नव्हतं.

१९ मार्च
जांभूळ सुरू. झाडाखाली उभं राहिलं की वर नुसतं गुंजन. अंजनी अजून आहे, हिरडा येईल. मधकोठ्या १, २, ३, ६ वर चढवल्या. ४, ५, ८ वर नाही. त्यांनी यंदाचं स्वतःसाठी ठेवायचं.

२५ मार्च
४ मधला बंद पिलावा सलग. मान वाकवून बघितलं, पुन्हा बघितलं. एक भोक नाही.

२ एप्रिल
शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या बसलाय. ग्रामपंचायतीत बैठक. पेटवून द्या म्हणणारे बरेच. मी आणि अण्णा बोललो. आग्या पेटीत राहत नाही, पोसत नाही कोणी, पण या डोंगरातला हिरडा-जांभूळ त्याच्या जिवावरही आहे. फुलोरा संपला की तो आपण होऊन उठून जातो. तोवर त्या बाजूचं फाटक बंद, पोरं मागच्या वाटेनं, टाकीजवळ धूर नाही, चेंडू नाही. रात्री टेंभा लावणाऱ्यालाच आधी डसतो, हेही सांगितलं. आयांनी आमची बाजू घेतली. फाटक बंद करायचं ठरलं.

११ एप्रिल
मध काढला. मेणानं पाऊण बंद झालेल्याच चौकटी. बाकीच्या परत आत. झाकणं कापताना जांभळाचा तो किंचित कडवट वास घरभर. मधयंत्र ह्यांनी फिरवलं.
पाण्याचं प्रमाण मापलं, मर्यादा २० टक्के. बाकी सगळा मध त्याखाली. एक चौकट किंचित वर होती, ती वेगळी, घरी.

मधकोठीतलंच घेतलं. खालच्या पिलावा कोठीत त्यांचं जे आहे त्याला हात नाही. पाऊस चार महिने असतो इकडं.

१४ एप्रिल
बरण्या भरल्या. लेबलवर अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक, तारीख, घाण्याचा क्रमांक, आणि माझी ओळ: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. बोटुलिझमचा धोका असतो. एका आजीबाईंनी विचारलं, बाळाच्या जिभेला मध चाटवायची आपली रीत, आता तुम्ही नको म्हणता? हो, म्हटलं. मधच विकते, तरी नको म्हणते.

१७ एप्रिल
व्यापारी आला. सगळा घेतो म्हणाला, दर बरा. वर म्हणाला, अजून हवा, पेट्यांना फुलोऱ्यात पाक लावा, दुप्पट निघेल, रंग आम्ही बघून घेऊ.
२०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बाजारातले १३ ब्रँड तपासले. सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त ३. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची मिसळ, असं त्यांचं म्हणणं. त्या साली आमच्यासारख्यांच्या बरण्याही लोक उचलून संशयानं बघायचे.
बरण्या दिल्या नाहीत. पुण्याचे ओळखीचे आणि शाळेतल्या बाई घेतील, हळूहळू. पैसे एकदम येणार नाहीत.

२९ एप्रिल
५ मध्ये एक भोक. एकच. चिमटा लावला. पाणी.

२९ एप्रिल, संध्याकाळ
अण्णांना सांगून आले. त्यांनी ८ चं विचारलं, ती स्वच्छ आहे.

३० एप्रिल
५ ची राणी काढली. यंदा पहिल्यांदाच जुन्या राणीला पिंजऱ्यात घालून वाट बघायची नाही असं ठरवलं. ८ च्या राणीनं घातलेली, एका दिवसाच्या अळीची चौकट ५ ला दिली. निरोगी पेटीतली चौकट आजारी पेटीत जाऊ नये, हे ठाऊक आहे. ती चौकट आता परत येणार नाही, तिकडंच राहील. ५ चा हात ८ ला लागला नाही. माशा स्वतःच राणी करतील.

१३ मे
५ मध्ये राणीघरं बंद झालेली होती, आता एक उघडं. बाकी घरं माशांनीच मोडलेली.

१८ मे
हॉटेलवाले पुन्हा. आता टेबलांपासून लांब, पडीक वाफ्यात जागा केली आहे म्हणाले, पाण्याचं भांडंही. पावसाळा जाऊ द्या म्हटलं, पेट्या स्वच्छ राहिल्या तर दिवाळीनंतर बघते. आधी त्यांच्या माळ्याला माझ्याकडं पाठवायचं, आठ-दहा दिवस शिकायला.

२० मे
जागतिक मधमाशी दिन. आंतोन यान्शाचा जन्मदिवस मानतात, १७३४. स्लोव्हेनियाचा माणूस, व्हिएन्नाच्या शाळेत मधमाशीपालन शिकवायचा. अण्णांना सांगितलं. त्यांना आवडलं.
टाकीखालचा आग्या उठलाय. पोळं रिकामं लोंबतंय. फाटक उघडलं.

२६ मे
वळीव. ताडपत्री घेतली, पत्रे पुढच्या वर्षी. पेट्यांवरच्या छपरांना मात्र नवे पत्रे बसवले, दगड ठेवले.

२ जून
५ मध्ये नवी अंडी. बंद पिलावा अजून नाही, त्याशिवाय काही कळणार नाही. मेणकिड्यांपासून वाचवायला रिकाम्या चौकटी वेगळ्या काढून बांधून ठेवल्या. साखर आणली, पावसातल्या पाकासाठी.
फलटणकरांचा फोन. बी बरं आलं. पुढच्या साली पेट्या नक्की का, विचारतात. ऑक्टोबरची तपासणी झाल्यावर सांगते म्हटलं.
५ पुन्हा १२ जूनला, उघडीप मिळाली तर.